अपेक्षाची ओटी

नारळ मी मुद्दाम लहान निवडला. अपेक्षाची ओटी भरायची होती. तिचा व्हिसा आला होता, माझा नाही.

तिचा नवरा कृष्णा आणि माझा विश्वजित परदेशात एकाच कारखान्यात आहेत. त्यांच्याकडे जायला आम्ही दोघींनी एकाच दिवशी, सिडकोतल्या एकाच एजंटकडे फाइल दिली. लासूर स्टेशनची ही पोर, फॉर्म भरताना माझ्या कागदात डोकावून स्पेलिंग उतरवत होती. आणि मेडिकलचं बोलावणं तिला आधी! व्हिसाच्या वेबसाइटवर माझ्या नावापुढे सतरा महिने एकच ओळ, 'प्रक्रिया सुरू आहे'. का अडलंय, कुणाकडे अडलंय, काही कळायला मार्ग नाही.

एजंट वैजनाथसर आवाज खाली आणून सांगायचे, "मॅडम, व्हिसा ऑफिसकडे तक्रार केली की फाइलवर खूण पडते. मग ती जाते तळाला." ती खूण कुणी पाहिली नव्हती, तरी आमची बोबडी वळायची.

मेडिकलनंतर तिचंही घोडं अडलं. गेल्या महिन्यात ती रडत आली, तेव्हा मी थोरल्या बहिणीच्या मायेनं म्हणाले, "गप्प काय बसतेस? तक्रार कर. मी लिहून देते." आणि दिली, चांगल्या कडक इंग्रजीत. तिची फाइल तळाला जावी म्हणूनच दिली. जळफळाट होत होता माझा, दुसरं काय!

पंधराव्या दिवशी तिचा व्हिसा आला.

मी ओटी भरली तशी ती पदर सावरत पाया पडली. "ताई, तुमच्यामुळंच झालं. मला लई भ्या वाटत व्हतं."

"अगं, तक्रारीमुळेच झालं कशावरून?"

"कुणाला ठावं? तिथं कोण सांगतंय? पण तुम्ही बी पाठवा की."

तिनं माझा फोन घेतला, तेच पत्र उघडलं, स्वतःचं नाव खोडून माझं लिहिलं. मनस्विनी. सगळी वाक्यं माझीच होती. तिच्यासाठी लिहिताना मी क्षणभरही अडखळले नव्हते. आता मी फोन तिच्याकडून घेऊन पालथा ठेवला.

"उद्या पाठवते," मी म्हणाले.

"ताई, तुम्हीच म्हणल्या व्हत्या ना, गप्प काय बसतेस?"

त्याला तीन आठवडे झाले. अपेक्षा तिकडे पोचली, कृष्णासोबतचे फोटो पाठवते. मी ते मोठे करून करून बघते. मग पत्र उघडते, खालचं माझं नाव वाचते आणि बंद करते.