कंगव्याचा सातवा दात

दिनांक १७ ऑक्टोबर १९९२, सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे, दात एकतीस. माझ्या जन्माची नोंद एवढीच. मित्रांनो, मी एक जुना लाकडी कंगवा आहे. आज माझे दात मोजले तर एकतीस भरतील खरे, पण त्यांतला सातवा जन्मापासूनचा नाही. तो कसा गेला, कसा परत आला आणि त्या दोहोंच्या मध्ये एका घरात काय वाढत होते, ते मला सांगायचे आहे. त्या काळात ते ठाऊक असलेला घरात मी एकटाच होतो, आणि मला तोंड नव्हते. दात तेवढे होते.

माझा कर्ता ओतकामाच्या कारखान्यात लाकडी नमुने घडवणारा कारागीर. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मीही तसेच म्हणतो. यंत्राचा भाग लोखंडात ओतण्यापूर्वी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून साचा घेतात आणि साच्यात वितळलेले लोखंड ओततात. लोखंड थंड होताना आकसते, म्हणून नमुना मुळातच किंचित मोठा ठेवतात. त्यासाठी या कारागिरांजवळ एक वेगळी मोजपट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. कारखान्यात तिला नुसते 'मोठी पट्टी' म्हणत.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मिस्त्रीने एका हत्याराच्या मुठीतून उरलेला शिसवीचा तुकडा हाती घेतला. दात लाकडाच्या रेषेत येतील असा तो धरला, कारण आडव्या रेषेचा दात पहिल्याच गुंत्यात मोडतो. करवतीने फटी पाडल्या, बारीक कानशीने एकेक टोक गोल केले, पॉलिश कागद फिरवला, तेल चोळले. सगळे यथासांग झाले. फक्त मापे सवयीने मोठ्या पट्टीवर घेतली गेली. हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा मी त्याच्या बायकोच्या हातात पोहोचलो होतो.

"फटी जरा रुंद झाल्यात," तो ओशाळून म्हणाला. "मी लोखंडासाठीची मोठी पट्टी वापरली."

"म्हणजे माझं डोकं थंड झालं की आकसणार, असा हिशेब केलात?"

"तसं नाही गं."

"तापट आहे हे माहेरून कळवलेलं दिसतंय कुणीतरी."

ती एका इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. कानांवर हेडफोन चढवून ती दिवसभर घाबरलेल्या माणसांना डॉक्टरांशी जोडून देई. घरी आली की तिला कुणाचाही आवाज नको असे. ती खिडकीपाशी लाकडी स्टुलावर बसे, मिस्त्री मागे खुर्ची ओढून घेई आणि मला उचली. रेडिओ बंद, बोलणे जवळजवळ नाहीच. केस सोडताना तो घाई करत नसे. आधी टोके, मग चार बोटे वर, मग आणखी चार बोटे. त्याचा नियम एकच होता: गुंता खालून सोडवायचा, वरून ओढला की तो आवळतो.

भांडण झालेल्या दिवशीही हा नियम मोडला नाही. अशा दिवशी तिची मान दगडासारखी ताठ असे आणि त्याचा हात जड. मी त्या दोहोंच्या मध्ये असे, म्हणून मला आधी कळे. टोकांशी दोघे गप्प असत. खांद्यापर्यंत आलो की एखादे वाक्य येई, मानेपर्यंत पोहोचेतो मान सैल पडलेली असे. कुणाचे चुकले याचा निवाडा बहुधा राहूनच जाई. त्याच्या बोटांवरून तिला त्याचा दिवस कळे, तिच्या मानेवरून त्याला तिचा.

मिस्त्रीची धाकटी बहीण पलीकडच्याच गल्लीत राहते. तिला हा सोहळा पाहून हसू आवरत नसे.

"दादा, लग्नाला पंचवीस वर्षं झाली," एकदा ती दारातूनच म्हणाली. "वहिनीचा गुंता अजून सुटत नाही का तुला?"

"सुटला तर उद्या काय करू?" मिस्त्री म्हणाला आणि विंचरत राहिला.

मित्रांनो, दुरावा भांडत येत नाही. तो पायांतले दाराबाहेर काढून, आवाज न करता आत येतो. कारखान्यात नमुने संगणकावर होऊ लागले, मिस्त्रीला तपासणीचे काम मिळाले आणि त्याच्यासोबत फोन घरी येऊ लागला. तिच्या कामाच्या पाळ्या बदलल्या. "राहू द्या आज, दमला असाल," असे ती म्हणे. "तूही दमलीस," असे तो म्हणे. दोघेही खरेच एकमेकांची काळजी करत होते, आणि त्या काळजीपोटीच स्टूल रिकामे राहू लागले. रोजचे दिवसाआड झाले, दिवसाआडचे रविवारावर गेले.

अशाच एका रविवारी मिस्त्रीने डाव्या हातात फोन धरला होता आणि उजव्या हातात मला. तो कुणाला तरी मापे सांगत होता आणि नियम विसरून वरून खाली ओढत होता. तिच्या उजव्या कानामागे, केसांच्या आत, माझा सातवा दात कशाला तरी लागला. मसुराच्या दाण्याएवढे, टणक. गुंता ओढला की हलतो, मित्रांनो. हे हलले नाही.

"आई गं," ती म्हणाली.

"गुंता आहे," मिस्त्री म्हणाला आणि त्याने पुन्हा ओढले. या खेपेला खाली खरोखरच गुंता होता. कट्कन आवाज झाला. सातवा दात मुळापासून गेला.

"मोडला," ती म्हणाली. "ठेवा आता. मी ब्रश आणते."

माझी रवानगी खणात झाली. त्या खणात सुटी बटणे होती, निकामी किल्ल्या होत्या आणि मी होतो. अंधाराची मला भीती वाटत नाही. लाकूड आतून अंधारच असते. मला भीती होती ती त्या दाण्याची. वाढणाऱ्या गोष्टी मी पाहिल्या आहेत, मी स्वतः कधीकाळी वाढत होतो. वाढणारे थांबत नाही आणि आवाजही करत नाही. बाहेर नवा ब्रश सरसर फिरत असे, पाच मिनिटांत काम उरकत असे. त्याचे दाते मऊ होते. कशालाही अडत नव्हते.

खणाच्या फटीतून बोलणे मात्र ऐकू येई. एकदा नणंद आलेली असताना ती सहज म्हणाली, "हल्ली हेडफोन कानामागे रुततो."

"मग दुसरा माग की."

"मागितला. नवाही रुततो."

"वहिनी, जुन्या बाईला नवी वस्तू रुततेच," नणंद म्हणाली, आणि दोघी हसल्या.

"थोडा कापूस लाव त्याला," मिस्त्री आतल्या खोलीतून म्हणाला. फोनवरून त्याची नजर उठली असेल असे त्याच्या आवाजावरून वाटले नाही. त्या दिवसापासून हेडफोनला कापूस लागला. दर महिन्याला तो थोडा जाड होत गेला.

वर्ष सरत आले तेव्हा कारखान्याने लाकडी नमुन्यांचा विभाग बंद केला. मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन कायमचा घरी आला. मोठी पट्टी ठेवण्यासाठी त्याने खण उघडला आणि मी उजेडात आलो. त्याने मला हातात धरून बराच वेळ पाहिले. रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला.

"अजून आहे हा?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "टाकून द्या. बाजारात ढिगाने मिळतात."

"दात बसवायला दोन दिवस लागतील."

"एका दातासाठी दोन दिवस?"

"आता आहेत माझ्याकडे," तो म्हणाला.

त्याने माझ्या पाठीत खाच घेतली, शिसवीचाच नवा दात त्या खाचेत सरसाने बसवला, सुकू दिला, घासला. चाचणीसाठी तिला स्टुलावर बसवले. तिची वार्षिक सुट्टी सुरू झाली होती, त्यामुळे घाई नव्हती. टोकापासून वर, अगदी पूर्वीसारखे. आणि मी उजव्या कानामागे पोहोचलो.

तो दाणा राहिला नव्हता. सुपारीएवढे काही तिथे बसले होते. मी अडलो. ती कळवळली नाही, नुसती आकसली.

"दात उंच राहिलाय," मिस्त्री म्हणाला. मला खाली ठेवून त्याने पॉलिश कागद काढला.

कारागिराची हीच गंमत आहे, मित्रांनो, आणि हाच धोका. काही अडले की तो आधी आपल्या कामातला दोष शोधतो. त्याने माझा नवा दात घासला, दुसऱ्या दिवशी पुन्हा विंचरले, मी पुन्हा तिथेच अडलो. त्याने पुन्हा घासले. मला स्वतःच्या मनगटावरून फिरवून पाहिले, तर मी लोण्यासारखा गेलो. "इथे जातो, तिथे अडतो," तो पुटपुटला आणि भिंग घेऊन माझ्याकडेच पाहत बसला. दात झिजून शेजाऱ्यांपेक्षा बारीक होत चालला होता. आणखी एक-दोन दिवस आणि मी बिघडलो असे ठरले असते. मग मी पुन्हा खणात, मऊ ब्रश पुन्हा बाहेर, आणि कानामागचे ते पुन्हा एकटे. माझ्याजवळ अडण्याखेरीज दुसरी भाषा नव्हती. म्हणून मी अडत राहिलो.

तिसऱ्या दिवशी नणंद येऊन बसली होती. मी अडलो. मिस्त्रीचा हात कागदाकडे गेला.

"दादा, घासून घासून त्याचं दातकोरणं झालं," नणंद म्हणाली. "कंगव्याचं पुरे. वहिनीच्या डोक्यात खिळा आहे का बघ एकदा."

"उद्या प्लॅस्टिकचा आणते मी," स्टुलावरून बायको म्हणाली. "संपली कटकट."

मिस्त्रीही हसला. हसता हसता त्याने मला खिडकीत ठेवले आणि डोळे मिटले. कारखान्यात नमुना पुरा झाला की तो असेच डोळे मिटून त्यावर बोटे फिरवी. डोळ्यांना सपाट दिसणारा उंचवटा बोटांना सापडतो, असे तो नव्या मुलांना सांगे. परक्या लोखंडासाठी वर्षानुवर्षे जे केले, ते त्याने पुष्कळ दिवसांनी या केसांत केले. बोटे कपाळापासून मागे गेली, कानामागे उतरली आणि थांबली.

चेहऱ्यावरचे हसू अजून तसेच होते. खाली हात मात्र गोठला होता.

"हे कधीपासून?"

"काय?"

"हे."

"हेडफोनचं आहे ते. रुतून रुतून घट्टा पडलाय."

मिस्त्री हळूहळू बोलला, मापे वाचून दाखवावीत तसा. "तू आठवडाभर सुट्टीवर आहेस. रुतल्याचं असतं तर एव्हाना उतरलं असतं."

नणंद उठून उभी राहिली. खिडकीबाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली.

ज्या इस्पितळात ती इतरांचे फोन जोडी, तिथेच तिला दुसऱ्या सकाळी नेले. गाठ वाईट निघाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले ते मिस्त्रीने घरी येऊन बहिणीला सांगितले, आणि मी खिडकीतून ऐकले: आणखी चार-सहा महिने गेले असते, तर करण्यासारखे फारसे उरले नसते. आजही खात्री नव्हती. फक्त उपचारांची वाट अजून खुली होती.

औषधे सुरू झाली. एका सायंकाळी मी केसांतून फिरलो आणि केस माझ्यासोबतच खाली आले, मुठीच्या मुठी. मिस्त्रीने मला पुसून खिडकीत ठेवले. मला वाटले, आता स्टूल पुन्हा रिकामे होणार. पण दुसऱ्या दिवशी ती बसली आणि तो मागे बसला. त्याने तळहातावर दोन थेंब तेल घेतले आणि तिच्या उघड्या डोक्यावरून हात फिरवू लागला. मानेपासून वर, तितकाच सावकाश.

"सुटला एकदाचा गुंता," ती म्हणाली.

बहिणीला दिलेले जुने उत्तर त्याला ठाऊक होते, तिलाही. ते त्याने दिले नाही. हात तेवढा चालू ठेवला.

मित्रांनो, मी वस्तू आहे; उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. विनंती करतो. तुमच्या घरात दोन माणसे रोज संध्याकाळी काहीतरी निरुपयोगी, वेळखाऊ काम मिळून करत असतील, एकमेकांचे केस विंचरत असतील, पाय चेपत असतील किंवा नुसतीच शेजारी बसत असतील, तर त्यांना घाई लावू नका, हसू नका. आणि ते काम बंद पडलेले दिसले तर ते दमले असतील म्हणून गप्प बसू नका; विचारा. बोटे जिथे रोज जातात तिथे काहीही लपून वाढू शकत नाही. जिथे जायची थांबतात तिथले मला ठाऊक आहे.

औषधे संपली, तरी अजून दर तीन महिन्यांनी तपासणी असते. तिच्या आदल्या सायंकाळी मिस्त्रीची बोटे कानामागे जरा जास्त वेळ थांबतात, आणि ती श्वास रोखून बसते. मागच्या आठवड्यात अहवाल आला तेव्हा तो वाचून झाल्यावर मिस्त्रीने खण उघडला आणि मोठी पट्टी काढली.

"ती नको," ती म्हणाली. "तिच्यावर केसभर कमी भरेल. मला सगळं मोजून हवंय."

त्याने खरी पट्टी आणली. तिच्या कपाळावरचा एक केस ताणून धरला, चष्मा वर सरकवला आणि आकडा मोठ्याने वाचला. मग मला खिडकीतून उचलले.

गाठ: शून्य. केसांची लांबी: एक्केचाळीस मिलिमीटर.