फुलापाशी बसलेला पाहुणा

कारखान्याच्या कँटीनमध्ये माझा कप वेगळा होता. कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. गुंडा कँटीनवाला त्यात वरून चहा ओतायचा आणि पिऊन झाला की मीच तो विसळून पुन्हा खिडकीत ठेवायचा. सांगलीला बी.एस्सी. होऊन मी केमिस्ट म्हणून लागलो होतो, उसाच्या रसातली साखर तपासायचो. आमचं घर बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, कप मात्र अजून जुन्याच धर्मात होता.

मी गप्प बसायचो, कारण नोकरी कायम व्हायची होती. "गळीत सुरू झालं की करू की रं तुला कायम," असं अध्यक्ष मानसिंगराव म्हणाले होते. तेवढ्या शब्दावर आईनं घराला कौलं घालायचं ठरवून टाकलं होतं.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. साखरेचं नवं यंत्र जपानहून आलं होतं आणि ते बसवायला तानाकासाहेब नावाचा शांत माणूस बायकोसह कारखान्याच्या बंगल्यात राहत होता. इंग्रजी त्याचं आणि माझं सारखंच मोडकं, म्हणून आमचं चांगलं जमायचं. दसऱ्याच्या आधी त्याच्या बायकोनं, मिचिकोबाईनं, संचालकांना जपानी रीतीच्या चहाला बोलावलं. मलाही बोलावलं. मानसिंगरावांना ते रुचलं नाही, पण यंत्र अजून सुरू व्हायचं होतं. साहेबाला नाही म्हणायची सोय नव्हती.

खोलीत चटया अंथरल्या होत्या. लग्नाच्या पंगतीत पान दुसऱ्या ओळीत मांडलं तर उठून घरी जाणारी ही माणसं. त्यांनी शिरल्या शिरल्या मानाप्रमाणे जागा धरल्या. दाराजवळ पंख्याखाली मानसिंगराव, त्यांना लागून उपाध्यक्ष कृष्णात आबा, मग संचालक नाथाजी. मला मानसिंगरावांनी बोटानं लांबचा कोपरा दाखवला.

"तकडं बस गड्या, त्या फुलापाशी. ऐसपैस."

कोपऱ्यात भिंतीवर जपानी अक्षरांची एक लांब पट्टी होती आणि खाली एकच फूल. मी तिथं बसलो.

मिचिकोबाईनं वाडग्यात हिरवी पूड घातली, गरम पाणी ओतलं आणि बांबूच्या इवल्याशा रवीनं ती घोटत राहिली. आमच्याकडं तेवढ्या वेळात एखादं लग्न जुळून मोडतं सुद्धा. संचालकांच्या पायांना मुंग्या आल्या. मग तिनं वाडगा उचलला, सरळ माझ्यापुढं आणून ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

तानाकासाहेब काहीतरी म्हणाला. ते मराठीत मलाच सांगावं लागलं.

"साहेब म्हणत्यात, फुलापाशी बसतो त्यो पयला पाव्हणा. त्यानं घोट घेतला की त्योच वाडगा पुढं सगळ्यांनी फिरवून प्यायचा. तशी रीत हाय त्यांची."

मानसिंगरावांनी घसा खाकरला. "अर्जुना, तुझा उपास हाय न्हवं आज?" मी वाडग्याकडं बघितलं. "कायम व्हायचंय न्हवं तुला? मग उपास हाय म्हण."

मला आई आठवली, कौलं आठवली. मिचिकोबाई अजून वाकलेलीच होती. माझ्यापुढं तोवर कुणी वाकलं नव्हतं. मी वाडगा तळहातावर घेतला, तिनं खुणेनं दाखवला तसा फिरवला आणि प्यालो. चहा कडू होता, साखरेचा कण नव्हता त्यात. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. मी काठ पुसला आणि वाडगा नाथाजीपुढं केला.

"माझी एकादशी हाय," नाथाजी म्हणाला.

"माझा गुरवार," कृष्णात आबा म्हणाले. त्या दिवशी मंगळवार होता.

"आन् माझं नवरात्र," मानसिंगराव म्हणाले. घट बसायला अजून अवकाश होता.

मी तिघांचेही उपास इमानानं इंग्रजीत सांगितले. तानाकासाहेबाचा चेहरा एकदम खुलला. स्वयंपाकाच्या धोंडुबाईकडून तो थोडं मराठी शिकला होता.

"उपास! चहा चालतो!"

"व्हय वं मालक, चालतो की!" आतून धोंडुबाई ओरडली.

मानसिंगरावांनी खिडकीतून यंत्राच्या शेडकडं पाहिलं. पलीकडं तोडीला आलेला ऊस उभा होता. त्यांनी नाथाजीला मान हलवून खूण केली. नाथाजीनं एरंडेल प्यावं तसा डोळे मिटून घोट घेतला, आबांनी त्याच्या मागोमाग. शेवटच्यानं वाडगा रिकामा करायचा असतो. मानाची जागा धरल्यामुळं शेवटचे मानसिंगराव होते.

ही बातमी धोंडुबाईनं तालुकाभर केली. आता लपवता येईना, म्हणून मानसिंगरावांनी ती मिरवायची ठरवली. गळीत सुरू झालं त्या दिवशी उसाची मोळी टाकून ते मांडवात माईकसमोर उभे राहिले.

"आमच्या कारखान्यात भेदभाव नाही. मी स्वतः या अर्जुनाच्या उष्ट्या वाडग्यातून चहा प्यालोय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मला व्यासपीठावर बोलावून त्यांनी आपल्या शेजारी बसवलं. मी हळूच नोकरीचं विचारलं.

"पुढच्या गळिताला बघू," ते हसऱ्या तोंडानं म्हणाले.

तेवढ्यात गुंडा चहा घेऊन आला. त्यांच्यापुढं फुलाफुलाची कपबशी आली. माझ्यापुढं खिडकीतला, कान तुटलेला कप.

माझं डोकं फिरलं. मी मानसिंगरावांची कपबशी उचलली, एक घोट घेतला, रुमालानं काठ पुसला, कप दोनदा फिरवला आणि सगळ्या मांडवादेखत वाकून तो त्यांच्यापुढं धरला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग सगळे अध्यक्षांकडं बघत राहिले.

मानसिंगराव हसू न मोडता माझ्याकडं झुकले. पुढ्यातला माईक चालूच होता.

"अर्जुना, आज माझा खरंच उपास हाय."

"चहा चालतो की," मी म्हणालो.