दोन जावांमधली दम्याची बाटली

मी दम्याच्या इंजेक्शनची बाटली. आवाज लहान आहे माझा, जरा जवळ या. अंगठ्याएवढी काच आणि तळाशी पांढरी पूड, एवढाच माझा संसार. सातासमुद्रापलीकडे मोठ्या टाकीत जिवंत पेशींनी हे औषध तयार केलं. मग ते गोठवलं, सुकवलं आणि मला गार जागी झोपवलं. तेव्हापासून मी नुसती स्वप्नं बघत होते.

झोपेत माणसांचे आवाज यायचे. मुंबईच्या गोदामात टायवाले साहेब म्हणायचे, "इंडियात मार्केट छोटं आहे. परवडणारे मोजकेच." मला वाटलं, धाप लागणारेही मोजकेच असतील. केवढी भोळी मी!

२००६च्या हिवाळ्यात बर्फाच्या डब्यातून मी दौंडच्या दवाखान्यात आले, भागुबाईंसाठी. वरवंडला त्यांचा शेवंतीचा मळा. फुलं तोडायला वाकलं की छातीचा भाता व्हायचा. पंप, गोळ्या, सलाइन, सगळं करून झालेलं. मुलगा ज्ञानेश कुरकुंभच्या कारखान्यात होता. आईच्या औषधाचा भार त्याच्या कंपनीनं उचलला. माझ्या काही बहिणी आधीच भागुबाईंच्या दंडात गेल्या होत्या. यंदा त्यांनी शेवंती स्वतः तोडली.

त्या दिवशी मात्र त्या एकट्या आल्या नाहीत. धाकटी जाऊ धुरपदा सोबत होती. तोच मळा, तीच धाप.

"बाई, निम्मी हिला टोचा," भागुबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "इरजण न्हाई का देत आपण शेजारणीला? त्यानं माझं काय कमी हुतंय?"

"मावशी, हे तुमच्या रक्तावर आणि वजनावर मापून आणलंय. निम्मं केलं तर धड कुणालाच लागू पडणार नाही."

"मंग हिचं बी रगात तपासा. ज्ञानेश आणंल की हिच्यापुरती."

"कंपनी आईचं देते, मावशी. चुलतीचं नाही देत."

धुरपदा ओशाळून हसली. "ऱ्हाऊ द्या, आक्का. तुमी घ्या. मला... पंप हाय की."

मग माझ्यात पाणी पडलं आणि मी जागी झाले. बाईंनी मला खळाखळा हलवलं नाही. तान्ह्या बाळाला जोजवावं तशा हलकेच फिरवत राहिल्या. इतकी माया मला कधी मिळाली नव्हती, आणि नेमकं तेव्हाच मला रडू येत होतं.

सुई टोचल्यावर थोडा वेळ थांबायचा नियम. दोघी बाकावर खांद्याला खांदा लावून बसल्या. मी रिकामी होऊन ट्रेमध्ये पडले होते. आता कचऱ्यात जाईन, त्याचं काही वाटत नाही. साहेबांना मात्र एवढंच सांगा, मार्केट छोटं नाही हो. दारापर्यंत येऊन माघारी जातात त्यांनाही धरा की हिशेबात.

धुरपदाची छाती बारीक शिट्टी वाजवत होती. भागुबाईंना आता पोटभर श्वास घेता येत होता. जावेला ऐकू जाऊ नये म्हणून त्या तोंडाला पदर लावून तो थोडा थोडा घेत होत्या.