हात पडला की उठायचं

मित्रांनो, माझ्या अंगावरची अक्षरे वाचायला जाऊ नका, निम्मी पुसली आहेत. मी एक जुना कीबोर्ड आहे. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये राहतो. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. एखाद्या साहेबांच्या टेबलावर जाईन असे वाटले होते, पण नशिबी आली पोरांची बडवाबडवी. भडंग खाल्लेले तेलकट हात मी सोसले, वर सांडलेला चहाही सोसला.

मला खरा मान मिळाला तो पूजा मॅडमनी प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेसाठी मुलांची तयारी सुरू केल्यावर. या स्पर्धेत तिघांच्या संघाला एकच संगणक मिळतो. म्हणून मॅडमनी बाकीचे संगणक बंद केले आणि तिघांना माझ्यासमोर बसवले. कवठे महांकाळचा ऋषिराज शेवटच्या वर्षाला, शिरवळचा जयराज तिसऱ्या, आणि साताऱ्याची जीनत दुसऱ्या. ऋषिराजची बोटे भराभर चालत, पण एकदा बसला की तो खुर्ची सोडत नसे.

मॅडमनी नियम केला, "ज्याला चूक दिसेल त्यानं कीबोर्डवर हात ठेवायचा. हात पडला की टाईप करणाऱ्यानं उठायचं. वाद नंतर घाला."

जयराजने सरावात कितीदा तरी माझ्यावर पंजा आपटला. जीनतने एकदाही नाही. चूक आधी तिलाच दिसायची, हात पुढे यायचा आणि तसाच मागे जायचा.

"दादाला कसं उठवायचं मॅडम? मोठा हाय तो," ती म्हणायची. मला तिचा फार राग यायचा.

स्पर्धेची पहिली फेरी आमच्याच लॅबमधून ऑनलाइन होती. ऋषिराजची ही शेवटची संधी होती. मॅडमना आत यायला मनाई, त्या काचेबाहेर उभ्या होत्या. आणखी एक प्रश्न सुटला तरच संघ पुढच्या फेरीत जाणार होता. ऋषिराजने प्रोग्रॅम पाठवला. पडद्यावर लाल अक्षरे आली. उत्तर चूक.

"आरं, लालच आलं की," जयराज कुजबुजला.

"थांब रं, गावंल आत्ता."

ऋषिराजने इकडेतिकडे बदलून पुन्हा पाठवला. पुन्हा लाल. त्याच्या बोटांचा घाम माझ्या कळांना लागत होता आणि वेळ संपत आली होती.

जीनतला चूक दिसली होती. बेरीज इतकी मोठी होत होती की ती साठवायला घेतलेली जागाच अपुरी पडत होती.

"दादा..."

"गप गं जरा."

तिचा हात माझ्यापाशी येऊन थांबला. मला बोलता येत असते तर मी ओरडलोच असतो. ठेव गं पोरी, ठेव एकदाचा.

तिने हात ठेवला, तोही इतक्या जोरात की पडद्यावर भलतीच अक्षरे उमटली. ऋषिराज तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने खुर्ची मागे सरकवली.

"बस," तो म्हणाला.

तिने भलती अक्षरे पुसली, जागा वाढवली आणि प्रोग्रॅम पाठवला. मग पडद्यावर हिरवी अक्षरे आली. बाहेर मॅडमनी काचेला कपाळ टेकले.

ऋषिराज आता नोकरीला लागला आहे. खुर्चीवर जीनत बसते आणि खरे सांगू का, तीही सहजासहजी उठत नाही. परवा पहिल्या वर्षाच्या शिवांजलीचा हात असाच माझ्यापाशी येऊन घुटमळला. जीनतने तो पाहिला आणि पडायची वाट न बघता ती उठली.

मित्रांनो, मला अधूनमधून फडक्याने पुसा, माझ्यावर चहा सांडू नका. पण शेजारी कुणाचा हात असा अडखळलेला दिसला, तर आधी खुर्ची सोडा.