प्रमोदिनीबाईंनी काढलेली पोस्ट

रविवारी सकाळी प्रमोदिनीबाई तळायला गराडूचा कंद कापत होत्या, तेवढ्यात मोबाईल वाजला. इंदूरच्या मराठी मंडळींचा नेटवर एक वधू-वर मंच आहे. त्यावर कुठली पोस्ट राहील आणि कुठली जाईल, हे ठरवणाऱ्या चौघांपैकी त्या एक. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, स्वभावाने भल्या. अहो, अशा कामाला भली माणसंच बसवतात!

पोस्ट ऋजुता नावाच्या मुलीची होती. 'विजय नगरच्या प्रणव खांडवेकरशी माझं लग्न झालं होतं. हुंड्यात गाडी आली नाही म्हणून मला चार दिवस खोलीत कोंडलं. मुलगी देण्याआधी कृपा करून मला विचारा.' खाली तिचा नंबर होता.

बाई दचकल्या. पण मंचाचा नियम होता, कुणाच्या घरावर आरोप नकोत. नियम उगाच नव्हता. मागे कुणीतरी एका मुलाबद्दल खोटंनाटं लिहिलं आणि बिचाऱ्याचं ठरलेलं लग्न मोडलं. बाईंनी पोस्ट काढली आणि ऋजुताला कळवलं, 'समिती बघेल.' समिती काय बघते, ते देवालाच ठाऊक.

दुपारी धाकट्या बहिणीचा, मधुवंतीचा फोन आला.

"ताई, आपल्या तन्वीचं पक्कं झालं! परवा साखरपुडा. विजय नगरचे खांडवेकर. मुलाचं पहिलं एक लग्न झालेलं, पण ते सांगतात ती लडकीच पागल होती. फक्त एक गाडी मागतायत, बस."

सकाळचंच नाव! "चौकशी केलीस?"

"केली म्हणजे काय! पूरा मंच छानला, एकेक पोस्ट वाचली. एक शब्द वाईट नाही. आणि तू तिथे बसलीयेस, मग कशाचं टेन्शन?"

बाईंनी फोन ठेवला. काढलेल्या पोस्टींची एक यादी असते, ती फक्त त्या चौघांना दिसते. त्यांनी त्यात खांडवेकर नाव शोधलं. एक नाही, तीन पोस्टी निघाल्या! चार वर्षांपूर्वी त्या घरच्या थोरल्या सुनेने, इरावतीने लिहिलं होतं, सासूने हात भाजला. मागच्या वर्षी शेजारच्या बेबीताईंनी लिहिलं होतं, त्या घरातून किंचाळ्या ऐकू येतात. चौघांपैकी तिघांनी एकेकच काढलेली, तीही नियमाने. म्हणून तिन्ही एकत्र कुणालाच दिसल्या नाहीत.

त्यांनी मंचाचे अध्यक्ष रघुवीरजींना फोन लावून सगळं सांगितलं.

"प्रमोदिनीजी, भडकू नका," ते शांतपणे म्हणाले. "भाचीला चुपचाप सांगून टाका, किस्सा खतम. पोस्ट परत लावली तर ते मानहानीची केस ठोकतील, तुमच्या नावाने. समझ लो."

बाई घाबरल्या, खोटं कशाला सांगू? कोर्ट, पोलीस, चार लोकांत शोभा. आणि तन्वी तर नुसत्या एका फोनने वाचली असती. पण मग तिच्यानंतरची कोण? तिची मावशी मंचावर नसेल तर?

त्यांनी ऋजुताला फोन केला. "पोस्ट परत लावू का गं?"

"लावा काकू. पण परत काढणार तर नाही ना? सकाळी काढलीत तेव्हा वाटलं, मीच खोटी आहे."

बाईंना रडू आवरेना. त्यांनी उरलेल्या दोघींनाही फोन करून विचारलं, तिन्ही पोस्टी लावल्या आणि वर लिहिलं, 'यातली एक मी काढली होती. चूक झाली. खांडवेकरांनी उत्तर लिहावं, तेही राहील. प्रमोदिनी.'

रघुवीरजींचा फोन वाजायला लागला. बाईंनी उचलला नाही. मध्येच तन्वीचा मेसेज आला, 'मावशी, पोस्टी वाचल्या. मी नाही म्हणून कळवलंय. आई रडतेय.'

तेवढ्यात पोस्टखाली एक अनोळखी बाई लिहून गेली, 'माझं सासर वेगळं आहे. माझीही पोस्ट तुम्ही लोकांनी काढली होती. वाचाल का?'

बाईंनी यादी पुन्हा उघडली. दोनशे बारा पोस्टी होत्या. भीती वाटतच होती, तरी त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलीपासून वाचायला घेतल्या.