आधी खटका, मग टाळी

आमच्या धंद्यात एकच नियम आहे आणि तो माझ्या सासऱ्यांनी घालून दिलाय. भाषण संपलं की आधी हात खटक्यावर, मग टाळी. म्हणजे वक्ता माईकपासून बाजूला झाला रे झाला की मिक्सरवरचा त्याचा खटका खाली करायचा, मग हवा तेवढा टाळ्यांचा कडकडाट करा. कारण भाषण संपल्यावर माणूस जे बोलतो ते त्याच्या घरच्यांसाठी असतं. ते मैदानाला ऐकवायचं नसतं.

सासऱ्यांना हा धंदा खरं तर मोठ्या मुलाला द्यायचा होता. पण आमच्या ह्यांना आवाज सोसत नाही. ते पोस्टात नोकरी करतात, घरात रेडिओसुद्धा शेजाऱ्याला चोरून ऐकावा तसा हळू लावतात. म्हणून धंदा सुनेकडे आला. धाकटे दीर गाडी चालवतात, वायरी ओढतात, कर्णे बांधतात आणि तोंड चालवतात. मी मिक्सरवर बसते. एकोणीस वर्षं झाली. हिचा माईक कधी उघडा राहत नाही, असं माझं शहरभर नाव आहे. होतं म्हणायला हवं.

नेते मंडळींबद्दल मला विचारू नका. या एकोणीस वर्षांत माझ्या माईकला सगळ्या पक्षांची थुंकी लागली आहे. प्रत्येक सभेनंतर मी माईकच्या स्पंजच्या टोप्या साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवते, तेव्हा कुणाची कुठली हे मलाही सांगता येत नाही. आम्ही सगळ्यांची कामं घेतो. सकाळी ह्यांची सभा, संध्याकाळी त्यांची. भाषण कानात शिरतं ते फक्त आवाज फाटतोय का हे बघण्यापुरतं. टाळी तर मी कधीच वाजवली नव्हती. नियमात ‘मग टाळी’ आहे खरं, पण त्या दुसऱ्या अर्ध्या भागाची मला कधी गरज पडली नाही.

यंदा लोकसभेच्या निवडणुकीला डॉक्टर उभे राहिले. डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. शहरातली कुत्री, मांजरं आणि आजूबाजूच्या गोठ्यांतल्या गाई हा त्यांचा मतदारसंघ, असं भावजी म्हणायचे, आणि त्यातल्या एकालाही मत नाही. डॉक्टरांना माईकवर बोलता येत नसे. एक हात लांब उभे राहायचे, वाक्य मध्येच सोडून चष्मा पुसायचे. मी दर सभेत स्टेजवर चढून माईक त्यांच्या तोंडाजवळ सरकवायची आणि ते दर वेळी एक पाऊल मागे जायचे. "वहिनी, हा माझ्या अंगावर येतो," असं एकदा मला म्हणाले. चावऱ्या कुत्र्याला न घाबरणारा माणूस माईकला घाबरत होता.

मतदानाला अकरा दिवस राहिले असताना नदीकाठच्या मैदानावर त्यांची सभा होती. भाषण संपत आलं तेव्हा गर्दीतून एकाने ओरडून विचारलं, निवडून आलात तर आमचा पूल होणार का? आता हा पूल माझ्या चांगला ओळखीचा. याच मैदानावर, याच माईकवरून, मोजून सात जणांनी तो पूल बांधून दिलेला मी ऐकला होता. एकाने तर त्यावर दिवेसुद्धा लावले होते. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "पूल माझ्या एकट्याच्या हातात नाही. मी मागत राहीन, पण होईलच असं सांगत नाही. तेवढ्यासाठी मत देणार असाल तर मला देऊ नका." आणि माईकसमोरच टेबलामागच्या खुर्चीत बसले. भाषण संपलं.

मैदान चिडीचूप. पक्षाच्या माणसांनी कपाळाला हात लावला. आणि मी टाळी वाजवली. एकटीने. हात आपोआप वर गेले, आणि काय सांगू, मला भरून आलं होतं. नळाला पाणी येणारच नाही असं समजून बसावं आणि अचानक यावं, तसं झालं.

दोन्ही हात टाळीत, मग खटक्यावर कोण असणार?

स्टेजवर टेबलावरचा माईक उघडा राहिला. शेजारी डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, गुडघा दुखतोय का. ते साऱ्या मैदानाने ऐकलं. मग डॉक्टरांचा आवाज आला, कधी नव्हे इतका स्वच्छ. "गुडघ्याचं सोड. आपण पडणार. बसलेली गाय उठणार की नाही, ते तिच्या डोळ्यांत कळतं. आज लोकांच्या डोळ्यांत बघितलं, आपण काही उठत नाही. आणि खरं सांगू का, शहराच्या पाण्याबद्दल त्या समोरच्या उमेदवाराचंच म्हणणं बरोबर आहे." एवढं होईस्तोवर माझा हात खटक्यावर पोचला.

पंधरा-वीस सेकंदांचा खेळ. पण हल्ली प्रत्येकाच्या हातात फोन. रात्रीपर्यंत ते सगळीकडे पोचलं. समोरच्या पक्षाने ‘आपण काही उठत नाही’ला ढोलकी लावली आणि गाड्यांवरून वाजवायला सुरुवात केली. त्या गाड्यांवरचे कर्णे कुणाचे? आमचेच. महिन्याभरापूर्वी ठरलेलं काम, नाही म्हणता येईना. माझ्या चुकीची वरात माझ्याच कर्ण्यांतून पाच दिवस शहरभर फिरली. भावजी गाडी चालवून घरी येत तेव्हा माझ्याकडे बघत नसत, एवढं मात्र त्यांनी केलं.

डॉक्टरांच्या पक्षातले लोक माझ्या नावाने खडे फोडायला निघाले होते. पण दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांनी पत्रकारांना सांगून टाकलं, माझाच हात लागला, माईकचं बटण मीच चालू केलं असेल, साउंडवाल्यांचा काही दोष नाही. झालं. ‘साधा माईक बंद करता येत नाही, देश काय चालवणार’ हेही मग त्यांच्याच माथी बसलं. माझं नाव शाबूत राहिलं. मी गप्प बसले. मला वाटलं होतं मतदानानंतर विसरेन.

डॉक्टर पडले. सत्तावन्न हजारांनी पडले. निकालाच्या दिवशी लोकांनी पोट धरून हसून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना एकदम त्यांचा आदर वाटायला लागला. ज्या वर्तमानपत्राने बसलेल्या गाईचं चित्र छापलं होतं, त्यानेच ‘असा सभ्य माणूस राजकारणात हवा’ म्हणून अर्धं पान भरलं. वाण्याच्या दुकानात तीन जण त्यांच्यासाठी हळहळत होते आणि तिघांनीही मत दुसऱ्याला दिलं होतं, हे तेच सांगत होते. मी तिथे भांडले. वाणी म्हणाला, वहिनी, तुम्हाला काय झालं एवढं? मी डाळ न घेताच परत आले.

आठवड्याने डॉक्टरांचा फोन आला. रविवारी सकाळी दवाखान्याच्या अंगणात लोकांचे आभार मानायचे आहेत, एक माईक आणि दोन छोटे स्पीकर हवेत.

"पडलेल्या माणसाला माईक कशाला?" भावजी म्हणाले. "माणसं येणार वीस. घसा खाकरला तरी ऐकू जाईल."

मी म्हटलं, गाडी काढा.

वाटेत त्यांनी आपलं तत्त्वज्ञान ऐकवलं. पडल्यावर सगळेच साधू होतात. आभाराची सभा म्हणजे पुढच्या निवडणुकीचा नारळ. पूल नाही म्हणाला तोसुद्धा डावच असेल, फक्त फसला. मी आज डॉक्टरांना खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं तर एकोणीस वर्षांचं नाव गेलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, माझ्यासाठी खोटं बोललेला तो माणूस आता माझ्याकडे कोणत्या नजरेने बघेल? न सांगून मात्र जमत नव्हतं. टोप्या धुताना, पोळ्या लाटताना, ती ढोलकी कानात वाजायची.

दवाखान्याच्या अंगणात डॉक्टरीणबाई खुर्च्या मांडत होत्या. प्रचारात ज्या पोरांनी डॉक्टरांना खांद्यावर घेतलं होतं, त्यांतलं एकही दिसत नव्हतं. डॉक्टर आत टेबलावर एका म्हाताऱ्या कुत्र्याचा कान साफ करत होते. कुत्र्याची मालकीण त्याचं तोंड धरून उभी होती आणि डॉक्टर कुत्र्याशी अखंड बोलत होते. दुखतंय ना, कळतंय मला, एवढं झालं की सोडतो हं. ना अडखळणं, ना चष्मा पुसणं. हे असं स्टेजवर बोलले असते तर, असं माझ्या मनात आलं आणि मी आणखीच खजील झाले.

मालकीण कुत्र्याला घेऊन गेली. डॉक्टर हात धुवायला लागले. मी दारातच उभी राहिले, कारण आत गेले असते तर बोलणं झालं नसतं. डॉक्टरीणबाई खुर्च्यांचा हिशेब विचारायला आल्या आणि माझं तोंड बघून तिथेच थांबल्या.

"डॉक्टर, त्या दिवशी माईक माझ्यामुळे उघडा राहिला," मी म्हटलं. "तुमचा हात लागला नव्हता. बटण स्टेजवर नसतंच, माझ्याजवळ असतं. मी खटका खाली करायला विसरले."

ते हात पुसत राहिले.

"विसरले म्हणजे," मी पुढे रेटलं, "टाळी वाजवत होते. तुम्ही पुलाचं बोललात ना, म्हणून."

एवढं बोलले आणि माझे डोळे भरून आले. भर सकाळी, औषधाच्या वासात, चाळिशी उलटलेली बाई रडतेय. मला स्वतःचाच राग आला.

डॉक्टरांनी टॉवेल खुंटीला अडकवला. "बटण कुठे असतं ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "दोन महिने तुम्हाला बघत होतो. वक्ता हलला की तुमचा हात आधी खाली जातो. त्या दिवशी दोन्ही हात वर होते. स्टेजवरून दिसत होतं."

"तरी तुम्ही—"

"वहिनी, प्रचारात माझ्यासाठी पुष्कळ टाळ्या वाजल्या. पुढे एक जण बसायचा, तो हात वर करायचा, मग बाकीचे वाजवायचे. ते मला वरून दिसायचं. कुणी न सांगता वाजलेली ती एकच. आता ती वाजवली म्हणून तुमच्यावर आळ घेऊ?"

"मला घरी आल्यावर पहिलं हेच सांगितलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाहेर गोंधळ, फोन वाजतायत, आणि हे आपले, साउंडवाल्या वहिनींनी टाळी वाजवली म्हणून खूश. दोन दिवस तेच. मी म्हटलं, आता जेवा."

मला हसू फुटलं, पण विचारायचं ते राहिलंच होतं. माझ्यामुळे पडलात का, असं मी सरळ विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, आता खरं बोलणार.

"काही मतं गेलीच असतील, नाही म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण सत्तावन्न हजारांनी पडायला तुमचा एक माईक पुरत नाही. त्यासाठी मला स्वतःला बरीच मेहनत घ्यावी लागली."

खोटी समजूत घातली असती तर मी घरी जाऊन पुन्हा कुढत बसले असते. काही गेली असतील, हे ऐकून मात्र छाती मोकळी झाली. माझ्या वाट्याचं होतं तेवढंच माझ्या पदरात पडलं, जास्त नाही.

सभेला एक्केचाळीस माणसं आली, शिवाय चार कुत्री. भावजींनी मोजली, कारण त्यांनी वीस सांगितली होती. डॉक्टर बोलायला उभे राहिले, एक हात लांब. मी जाऊन माईक जवळ सरकवला. ते एक पाऊल मागे गेले. मग माझ्याकडे बघून हसले आणि पुढे आले.

मोठं काही बोलले नाहीत. ज्यांनी मत दिलं त्यांचे आभार, नाही दिलं त्यांच्याही जनावरांसाठी दवाखाना उद्यापासून नेहमीच्या वेळेला उघडा. पाण्याच्या बाबतीत निवडून आलेल्यांचं म्हणणं बरोबर आहे, त्यांना भेटून आलोय, जमेल ती मदत करणार आहे. पूल मी मागत राहणार, हे अर्ज लिहिलेत, कुणाला सही करायची असेल तर टेबलावर ठेवलेत. होईलच असं आजही सांगत नाही. मग माईकला हलकेच थोपटलं, कुत्र्याला थोपटावं तसं, आणि ते बायकोशेजारी जाऊन बसले.

मी खटका खाली केला. नीट, शेवटपर्यंत. डॉक्टर डॉक्टरीणबाईंकडे वळून काहीतरी म्हणाले, त्या हसल्या, आणि ते काय होतं ते एक्केचाळीसांपैकी कुणालाही ऐकू आलं नाही. तेव्हा कुठे मी दोन्ही हात वर केले.

माझ्यामागे गाडीपाशी वायर गुंडाळत भावजी उभे होते. त्यांनी वायर खाली ठेवली.

"वहिनी, बंद केलात ना माईक?"

"केला," मी म्हटलं.

मग तेही वाजवायला लागले.