त्रास नाही
नव्या औषधाच्या चाचणीसाठी आलेल्या लोकांत मास्तरांइतका हुशार माणूस मी माझ्या नर्सच्या नोकरीत पाहिला नव्हता. संमतीपत्राची वीस पानं वाचून त्यांनी चक्कर, उलटी, पुरळ असे सगळे धोके घडाघडा म्हणून दाखवले. एक धोका तर मीच सांगायला विसरले होते, तोही.

औषधाने होणारा त्रास लिहायला दिलेल्या त्यांच्या वहीत महिनाभर रोज एकच ओळ होती, 'त्रास नाही.' आज मात्र तपासणीला ते भिंत धरत धरत आले.

"मास्तर, चक्कर येते?"

"पंधरा दिवस झाले."

माझं डोकंच फिरलं. "मग वहीत लिहायला काय झालं होतं?"

मास्तर ओशाळले. "सिस्टर, डॉक्टर बिचारे एवढी मेहनत घेतायत. म्हटलं, माझ्यापायी त्यांचं औषध नापास नको व्हायला."